सापळ्याचा खटला कसा चालवावा: विशेष न्यायालयात नव्याने उभ्या राहणाऱ्या सरकारी वकिलासाठी

लाचेच्या खटल्यात नोटा सापडलेल्या असतात, हात गुलाबी झालेले असतात, पंचनाम्यावर दोन सरकारी नोकरांच्या सह्या असतात, आणि तरीही आरोपी सुटतो. अशी निकालपत्रं वाचत गेलं की एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटतं: मागणी शाबीत झाली नाही. नवा सरकारी वकील नोटांच्या भरवशावर राहतो. बचावाचा अनुभवी वकील मात्र नोटांच्या वाटेला फारसा जात नाही. तो एवढंच विचारतो, "पैसे मागितले हे तुमच्याशिवाय कोणी ऐकलं?"

महाराष्ट्राचा लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आपल्या गुन्ह्यांची तीन प्रकारांत वर्गवारी करतो: सापळा (पूड लावलेल्या नोटा देऊन लाच घेताना पकडणं), अपसंपदा (ज्ञात उत्पन्नापेक्षा जास्त मालमत्ता) आणि अन्य भ्रष्टाचार. रोजच्या बोर्डावर सर्वांत जास्त येतो तो सापळा, म्हणून इथे बराचसा मजकूर त्याच्यावरच आहे.

कोण उभं राहू शकतं

न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात सहायक सरकारी अभियोक्ता काम पाहतो आणि ती भरती एमपीएससीमार्फत होते. लाचेचे खटले विशेष न्यायाधीशांपुढे चालतात, त्यामुळे तिथे जिल्हा सरकारी वकील किंवा अतिरिक्त सरकारी वकील लागतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८ प्रमाणे त्यासाठी किमान ७ वर्षांची वकिली हवी, विशेष सरकारी वकील म्हणून नेमणुकीसाठी १० वर्षांची. अभियोक्ता म्हणून केलेली नोकरी या वर्षांत धरली जाते. तयारी करणाऱ्यांसाठी एक सूचना: फौजदारी कायदा सगळेच वाचतात. महसुली आणि ग्रामपंचायतीचे कागद वाचता येणं त्याहून दुर्मीळ आहे. सातबारा, फेरफार, आवक-जावक नोंदवही, मापपुस्तिका आणि कार्यालयीन टिपणी ज्याला नीट वाचता येते, त्याला तपासी अधिकाऱ्याची चूक दोषारोपपत्र दाखल होण्याआधीच दिसते.

आधी तारखा

फाइल हातात आली की फिर्याद वाचायच्या आधी कोऱ्या कागदावर तारखा उतरवा. पहिली मागणी कधी, तक्रार कधी, मागणीची पडताळणी कधी, सापळा कधी, गुन्हा कधी नोंदला, मंजुरी कधी मिळाली, दोषारोपपत्र कधी दाखल झालं. मग दोन रेषा ओढा.

पहिली रेषा २६ जुलै २०१८ ची. त्या दिवसापासून भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ मधली दुरुस्ती लागू झाली. लोकसेवकाच्या गैरवर्तनाचं जुनं कलम १३(१)(ड) गेलं आणि सापळ्याचा सगळा भार लाच मागण्या-घेण्याच्या कलम ७ वर आला. शिक्षा किमान ३ वर्षं, कमाल ७. लाच मागण्याची किंवा घेण्याची घटना या तारखेआधीची असेल तर जुनी कलमं, नंतरची असेल तर नवी. जुन्या मसुद्यावरून टंकलेलं दोषारोपपत्र असलं की २०१८ नंतरच्या सापळ्यातही १३(१)(ड) तसंच राहून जातं. ही चूक दोषारोप ठेवताना न्यायालयाच्या नजरेला तुम्हीच आणून द्या. पुढे अपिलात ती बचावाच्या हातात पडलेली बरी नाही.

दुसरी रेषा १ जुलै २०२४ ची. त्या दिवशी प्रलंबित असलेला तपास वा खटला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेने आणि जुन्या पुरावा कायद्याने पुढे चालतो. त्यानंतर सुरू झालेल्या प्रकरणांना नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागतो. अर्जावर चुकीच्या कायद्याचं कलम टाकलं म्हणून खटला पडत नाही, पण तारीख मात्र वाया जाते.

आरोपी एकापेक्षा जास्त असतील तर कोणी मागितले आणि कोणी घेतले हे दोन वेगळ्या रंगांत लिहा. विभागाच्या कागदांत आरोपी लोकसेवकाला "आलोसे" म्हणतात आणि बाहेरच्या माणसाला "खाजगी इसम". आलोसेने मागायचं आणि चहाच्या टपरीवर उभ्या असलेल्या खाजगी इसमाने घ्यायचं, ही नेहमीची रीत आहे. अशा वेळी लोकसेवकाला कलम ७ लागतं, कारण दुसऱ्याच्या हातून घेतलेली लाचही तिथे लाचच आहे. खाजगी इसमाला कलम ७अ आणि प्रोत्साहनाचं कलम १२. दोघांमधला दुवा फोनच्या नोंदींतून, रेकॉर्डिंगमधून किंवा "त्याच्याकडे द्या" या शब्दांतून दाखवावा लागतो. दुवा नसेल तर दोघेही सुटतात: एकाने घेतले नाहीत आणि दुसऱ्याने मागितले नाहीत.

मागणीचा तक्ता

मागणी सहसा तीनदा होते. पहिली तक्रारीआधी, जेव्हा तक्रारदार एकटा असतो. दुसरी पडताळणीच्या वेळी, जेव्हा सोबत पंच असतो आणि खिशात व्हॉइस रेकॉर्डर चालू असतो. तिसरी सापळ्याच्या क्षणी, "आणले का?" एवढ्या दोन शब्दांची. तीन ओळींचा तक्ता करा आणि प्रत्येकीसमोर तारीख, जागा, नेमके शब्द, कोणी ऐकलं, रेकॉर्डिंगमध्ये कुठल्या मिनिटाला आहे आणि कुठल्या पंचनाम्यात उतरलंय हे भरा. जो रकाना रिकामा राहतो तिथेच उलटतपासणी होणार.

नीरज दत्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १५ डिसेंबर २०२२ रोजी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. मागणी आणि स्वीकार शाबीत झाल्याशिवाय दोष ठरत नाही. पण तक्रारदार मरण पावला किंवा फितूर झाला एवढ्याने खटला संपत नाही, दुसऱ्या साक्षीदाराच्या तोंडून किंवा परिस्थितीजन्य पुराव्यावरूनही मागणी शाबीत करता येते. म्हणून तक्त्यातली दुसरी ओळ सर्वांत मोलाची. पडताळणी पंचनामा भक्कम असेल तर तक्रारदार उलटला तरी तुमच्याकडे पंच आणि आवाज, दोन्ही शिल्लक असतात.

पडताळणी वाचताना रकमेचा उच्चार आधी कोणी केला ते पाहा. "साहेब, ते पाच हजार उद्या आणतो" असं तक्रारदारच म्हणत असेल आणि पलीकडून नुसता हुंकार असेल, तर ती मागणी लंगडी आहे. अशा ठिकाणी आधीचे आणि नंतरचे संवाद लागतात: काम का अडलंय, कधी होईल, कमी-जास्त करा म्हटल्यावर उत्तर काय आलं. घासाघीस हा मागणीचा फार चांगला पुरावा आहे. दहा मागून सातवर आलेला माणूस उसने परत घेत नव्हता, हे सांगायला वेगळा साक्षीदार लागत नाही. "चहापाण्याचं बघा", "फूल ना फुलाची पाकळी", बोटांच्या खुणा, मोबाइलच्या पडद्यावर लिहून दाखवलेला आकडा, हे सगळं पंचनाम्यात जसंच्या तसं हवं. तुम्ही पंचाला अर्थ विचारू नका. त्याने काय पाहिलं, काय ऐकलं आणि त्यानंतर तक्रारदाराने काय केलं, एवढंच विचारा. अर्थ युक्तिवादात मांडा.

काम अडलेलं होतं का

बचावाचा आवडता कागद म्हणजे सापळ्याआधीच्या तारखेची मंजूर नोंद. "फेरफार तर आठ दिवस आधीच झाला, मग पैसे कशाला मागू?" यावर उत्तर म्हणून मूळ अभिलेख मागवा, निव्वळ छायांकित प्रत पुरत नाही. अर्जाची आवक नोंद, टिपणीवरच्या सह्या, संगणकीकृत नोंदीचा वेळ, आणि मंजुरीची खबर तक्रारदाराला कधी मिळाली, हे सगळं तपासा. नोंद झालेली असूनही उतारा हातात दिलेला नसेल तर तक्रारदाराच्या दृष्टीने काम अडलेलंच होतं. हा अभिलेख त्या कार्यालयातल्या दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या साक्षीतून शाबीत करा. तपासी अधिकाऱ्याने "जप्त केला" म्हटल्याने मजकूर शाबीत होत नाही.

"ते काम माझ्या अधिकारातच नव्हतं" हाही बचाव येतो. तलाठी नोंद धरतो आणि मंडळ अधिकारी प्रमाणित करतो, हे खरं आहे. पण कलम ७ मध्ये काम स्वतः करण्यासाठी किंवा दुसऱ्या लोकसेवकाकडून करवून घेण्यासाठी घेतलेली लाचही येते. "वरच्या साहेबांनाही द्यावे लागतात" हे वाक्य रेकॉर्डिंगमध्ये असेल तर ते आरोपीने स्वतःच शाबीत करून दिलेलं असतं.

पावडर, बाटल्या आणि हात

फिनॉल्फ्थेलीनची पांढरी पूड नोटांना लावतात. सोडियम कार्बोनेटच्या, म्हणजे धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात तिचा अंश गेला की पाणी गुलाबी होतं. महाराष्ट्रातल्या बऱ्याच खटल्यांत अँथ्रासिन पूडही वापरलेली दिसते. तिचा रंग साध्या उजेडात दिसत नाही, अतिनील दिव्याखाली निळसर चमक येते. पंचनाम्यात कुठली पूड वापरली ते आधी पाहा. दोन्हींची वर्णनं एकमेकांत मिसळलेली असली तर पंच उलटतपासणीत हमखास अडकतो.

पाहायच्या गोष्टी अशा. पूड ज्या अंमलदाराने लावली तो नंतर आरोपीचे हात धुवायला हजर होता का? असेल तर संसर्गाचा मुद्दा उभा राहिला. प्रात्यक्षिकाचं भांडं, उरलेली पूड आणि सापळ्याचं साहित्य वेगळं ठेवलं होतं का? उजव्या हाताचं, डाव्या हाताचं आणि खिशाच्या कापडाचं धुवण वेगवेगळ्या बाटल्यांत भरून, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावून, जागच्या जागी लाखेने सील केलं का? नोटांचे क्रमांक पूर्व सापळा पंचनाम्यात आणि सापळा पंचनाम्यात एकच आहेत का? एकेक आकडा जुळवा. पाच आणि सहाची अदलाबदल टंकनात होते आणि ती साक्षीच्या वेळी सापडली तर सावरायला वेळ मिळत नाही. मोठ्या रकमेच्या सापळ्यात वर-खाली खऱ्या नोटा आणि मधे खेळण्यातल्या नोटा असतात. किती खऱ्या आणि किती खोट्या, हे पंचनाम्यात लिहिलेलं हवं.

बाटलीतला गुलाबी रंग काळाने फिकट पडतो, कधी पूर्ण उडतो. पाच वर्षांनी न्यायालयात मुद्देमाल उघडला की बचाव पक्ष बाटली उजेडात धरून दाखवतो. त्याच्यावरचा उपाय म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, बाटल्या प्रयोगशाळेत कधी पोचल्या त्याची पोच, आणि तोवर त्या कुणाच्या ताब्यात होत्या त्याची साखळी. अहवालात पूड आढळल्याचं असेल तर रंग उडण्याने काही बिघडत नाही.

हातांवर काहीच सापडलं नाही, अशीही प्रकरणं येतात: "ड्रॉवरमध्ये ठेव", "त्या फाइलीत ठेव", "शिपायाकडे दे". इथे रसायन तुम्हाला वाचवत नाही. ज्या वाक्याने जागा दाखवली ते वाक्य, आणि नोटा बरोबर त्याच जागी सापडल्याचं पंचाने सांगणं, यावर खटला उभा राहतो. कलम २० चं गृहीतक (घेतलेले पैसे लाचेचेच, असं न्यायालयाने धरून चालणं) इथे कामाला येतं, पण त्याचा क्रम विसरू नका. आधी स्वीकार किंवा तसा प्रयत्न शाबीत व्हायला हवा, तेव्हा हेतूबद्दलचं गृहीतक लागतं आणि ते खोडण्याचा भार आरोपीवर जातो. नुसती जप्ती दाखवून "आता गृहीतक लागलं" म्हणणारा युक्तिवाद वरच्या न्यायालयात टिकत नाही.

आवाज

रेकॉर्डिंगचा पुरावा तीन जागी फसतो: इलेक्ट्रॉनिक प्रतीसोबतचं प्रमाणपत्र, आवाजाची ओळख आणि लिखित संवाद.

प्रमाणपत्राबद्दल अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा जालन्याच्या निवडणुकीतून निघालेला २०२० चा निकाल पाठच असावा. प्रतीवर विसंबायचं तर प्रमाणपत्र बंधनकारक आहे. मूळ उपकरण किंवा मूळ मेमरी कार्डच हजर करून शाबीत केलं तर त्याची गरज नाही. जुन्या प्रकरणांत पुरावा कायद्याचं कलम ६५ब, नव्यांत साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. नव्या नमुन्याला दोन भाग आहेत. भाग अ उपकरण सांभाळणाऱ्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने, आणि दोन्हींत हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा तिचा ओळख-आकडा, लिहायचं असतं. पडताळणीच्या दिवशी काढलेलं हॅश आणि प्रयोगशाळेतलं हॅश एकच आहे का, हे दोषारोपपत्राआधी तपासून घ्या. मेमरी कार्ड सीलबंद करण्याआधी कोणी तरी संगणकाला लावून ऐकलेलं असतं, आणि तेवढ्याने काही फाइलींच्या तारखा बदलतात. मग स्पष्टीकरण देत बसावं लागतं.

आवाजाचा नमुना देण्यास आरोपीने नकार दिला तर दंडाधिकाऱ्यांकडून आदेश घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ही वाट मोकळी केली आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४९ मध्येच तशी तरतूद आहे. प्रयोगशाळेचा अहवाल यायला वेळ लागतो. दरम्यान आरोपीचा आवाज रोज ऐकणाऱ्या सहकाऱ्याची ओळख नोंदवून ठेवा.

लिखित संवादात बोली "सुधारू" नका, तपासी अधिकाऱ्यालाही सुधारू देऊ नका. धुळ्याकडचा माणूस अहिराणीत बोलला आणि कागदावर पुस्तकी मराठी उतरली, की "हे शब्द माझे नाहीत" म्हणायला आरोपीला जागा मिळते. न ऐकू आलेल्या जागी तसं लिहा, अंदाजाने शब्द भरू नका. साक्षीच्या वेळी रेकॉर्डिंग न्यायालयात प्रत्यक्ष वाजवा. पंचाला थांबवत थांबवत विचारा: हा आवाज कुणाचा, हा कुणाचा, तेव्हा तुम्ही कुठे उभे होता. नुसती निशाणी पाडून पुढे गेलात तर तो पुरावा कागदावरच राहतो. आणि स्पीकर आदल्या दिवशी लावून पाहा. ही सूचना क्षुल्लक वाटते, पण तारखा यानेही जातात.

मंजुरी

लोकसेवकावर खटला भरण्यासाठीची कलम १९ ची मंजुरी न्यायालयाने दखल घेण्याआधी लागते आणि ती आरोपीला पदावरून काढू शकणाऱ्या सक्षम प्राधिकाऱ्याचीच लागते. तो कोण, हे अंदाजाने ठरवू नका. नेमणुकीचा आदेश मागवा, कुणाच्या सहीने निघाला ते पाहा, मग सेवानियम पाहा. मधे बदली किंवा पदोन्नती झाली असेल आणि शंका असेल, तर गुन्ह्याच्या वेळी काढून टाकण्यास जो सक्षम होता तो प्राधिकारी धरतात. २०१८ नंतर निवृत्त लोकसेवकासाठीही मंजुरी लागते. मुदत ३ महिन्यांची, कायदेशीर सल्ल्यासाठी आणखी १ महिना. उशीर झाला म्हणून खटला रद्द होत नाही, पण जबाबदारी प्राधिकाऱ्याची ठरते.

साक्षीत काय होतं? विभागाने पाठवलेला मसुदा प्राधिकाऱ्याने अल्पविरामासकट उतरवलेला असतो. उलटतपासणीत तो म्हणतो, "मसुदा आला, सही केली." झालं. हे टाळायचं तर साक्षीआधी त्यांच्या कार्यालयातली मूळ टिपणी मागवा. कुठली कागदपत्रं आली, किती दिवस होती, कोणती शंका विचारली, हे टिपणीत असतंच. मसुद्याचा वापर करणं गैर नाही, विचार न करता सही करणं गैर आहे, आणि विचार केल्याचा पुरावा टिपणीतच मिळतो. मंजुरी अवैध ठरली तर आरोपी सुटतो, मात्र ते दोषमुक्त ठरणं नसतं. वैध मंजुरी घेऊन पुन्हा खटला भरता येतो.

साक्षीदार कुठल्या क्रमाने

रूढ क्रम असा: तक्रारदार, सोबतचा पंच, कार्यालयाचा अभिलेख आणणारा, मंजुरी देणारा प्राधिकारी, शेवटी सापळा आणि तपास अधिकारी. तो बदलायचं फारसं कारण नसतं. तक्रारदार आणि सोबतचा पंच, म्हणजे पंच क्रमांक १, लागोपाठ दिवशी ठेवा. सरतपासणी झाली की उलटतपासणी त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी व्हायला हवी. पंजाबातल्या विनोद कुमार खटल्यात उलटतपासणी महिनोन्‌महिने लांबली आणि साक्षीदार उलटला. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक शब्दांत लिहिलं आहे. स्थगितीच्या अर्जाला विरोध करताना तो निकाल आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाचं कलम ४ सोबत ठेवा. दैनंदिन सुनावणी आणि २ वर्षांत निकालाचा प्रयत्न, असं तिथे लिहिलेलंच आहे.

साक्षीआधी तक्रारदाराला त्याची तक्रार वाचायला द्या, पढवू नका. त्याला एक भीती हमखास असते: "मीही लाच दिली, मलाच आत टाकतील." त्याला कलम ८ समजावून सांगा. विभागाला आधी कळवून सापळ्यात पैसे देणारा गुन्हेगार ठरत नाही. जबरदस्तीने लाच द्यावी लागली तर ७ दिवसांत कळवणाऱ्यालाही संरक्षण आहे.

पंच सरकारी नोकर असतो, दुसऱ्या खात्यातला. त्याला उलटतपासणीत दोन प्रश्न येणार: याआधी किती सापळ्यांत पंच होता, आणि पंचनामा कोणी टंकला. खरं उत्तर द्यायला सांगा. विभागाच्या लॅपटॉपवर, आपल्यासमोर, आपल्याला वाचून दाखवून, हे उत्तर पुरेसं आहे. पंच क्रमांक २ हा छापा पथकासोबत लांब असतो. त्याला मागणीबद्दल विचारू नका, तो ऐकूच शकत नव्हता. त्याच्या तोंडून जप्ती, हात धुणं आणि सील एवढंच घ्या. दोन्ही पंचांनी सगळंच पाहिलं असं दाखवायला गेलं की दोघेही खोटे दिसतात.

तक्रारदार फितूर झाला तर

होतो. गावातला असतो, तडजोड झालेली असते, किंवा तारखांना कंटाळलेला असतो. साक्ष्य अधिनियमाच्या कलम १५७ खाली आपल्याच साक्षीदाराला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारण्याची परवानगी मागा आणि चिडून प्रश्न विचारू नका. जे नाकारता येत नाही तिथून सुरुवात करा. तक्रारीवर सही तुमची आहे का? त्या दिवशी विभागाच्या कार्यालयात गेला होता का? कोणी जबरदस्तीने नेलं का? नोटा तुमच्या होत्या का? पूड लावताना तुम्ही पाहिलं का? सापळ्यातली रक्कम शासनाकडून परत मिळाली का, आणि त्यासाठी सही केली का? या शेवटच्या प्रश्नावर बरेच साक्षीदार थबकतात. त्यानंतर तक्रारीतला मागणीचा मजकूर दाखवा आणि नकार नोंदवून घ्या. फितूर साक्षीदाराची साक्ष पुसली जात नाही, तिच्यातला विश्वासार्ह भाग वापरता येतो. दंडाधिकाऱ्यांपुढचा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ चा जबाब तपासातच नोंदवून घेतला असेल तर उलटणं इतकं सोपं राहत नाही, म्हणून तपासी अधिकाऱ्याला ही सूचना वेळीच द्या.

बचावाच्या ठरलेल्या गोष्टी

हातउसने परत घेतले: उसने कधी दिले, घरी कोणाला माहीत, खात्यातून काढले का, आणि सापळ्याच्या जागी हे आरोपी लगेच का बोलला नाही. घरपट्टी, शेतसारा किंवा शासकीय शुल्क होतं: पावतीपुस्तक, त्या दिवशीची थकबाकी आणि मागितलेली रक्कम जुळते का ते पाहा. लाच बहुधा गोल आकड्यात असते, थकबाकी क्वचितच. खिशात कोंबले: मग हातांच्या धुवणाचा रंग कुठून आला? पूर्ववैर: वैराचा कागद तक्रारीआधीचा हवा. आरोपीने सापळ्याच्या क्षणी दिलेलं पहिलं स्पष्टीकरण पंचनाम्यात असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ खाली न्यायालयाने आरोपीला प्रश्न विचारून घेतलेल्या जबाबातलं स्पष्टीकरण त्याच्या शेजारी ठेवून दाखवा. याच टप्प्यावर आरोपीविरुद्धची प्रत्येक बाब स्वतंत्र प्रश्नात यायला हवी. प्रश्न तयार करताना न्यायालय वकिलांची मदत घेऊ शकतं, तर तुमची यादी आधीच देऊन ठेवा. मागणीचा प्रश्नच विचारला नाही, असं एखाद्या अपिलात निघतं आणि मग सगळी मेहनत धोक्यात येते.

अपसंपदा आणि अन्य भ्रष्टाचार, थोडक्यात

अपसंपदा म्हणजे हिशेब. तपासणीचा कालावधी ठरवा. शेवटच्या मालमत्तेतून सुरुवातीची वजा करा, खर्च मिळवा, उत्पन्न वजा करा. सुरुवातीला ८ लाख, शेवटी ७३ लाख, खर्च २५ लाख, उत्पन्न ६० लाख, असं धरलं तर ६५ अधिक २५ म्हणजे ९०, त्यातून ६० गेले, ३० लाख जास्त, म्हणजे उत्पन्नाच्या ५० टक्के. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये १० टक्क्यांपर्यंतची तफावत फारशी धरली नव्हती, त्यामुळे काठावरची प्रकरणं सावधपणे घ्या. भांडण होतं ते पत्नीच्या उत्पन्नावर, स्त्रीधनावर आणि शेतीवर. शेतीच्या उत्पन्नाचा दावा आला की सातबाऱ्यावरची पिकांची नोंद आणि बाजार समितीच्या पट्ट्या मागवा. शिक्षा इथे ४ ते १० वर्षं. तपासासाठी पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याचा आदेश लागतो, त्याची प्रत फाइलीत आहे का ते पहिल्याच दिवशी पाहा.

निधीच्या अपहारात कलम १७अ ची पूर्वमान्यता, म्हणजे तपासाआधी घ्यायची परवानगी, हा पहिला अडथळा, कारण तिथे सहसा लोकसेवकाच्या निर्णयाचीच चौकशी असते. सापळ्यात जागीच पकडलेल्यासाठी ती लागत नाही. लेखापरीक्षणाचा आक्षेप हा पुरावा नसतो, तो फक्त दिशा दाखवतो. हजेरीपट, मापपुस्तिका, कॅशबुक आणि बँकेचं प्रमाणित विवरण, यांतला प्रत्येक कागद तो लिहिणाऱ्या किंवा सांभाळणाऱ्या माणसाच्या तोंडून शाबीत करावा लागतो.

निकालाच्या दिवशी

शिक्षेवरच्या युक्तिवादात किमान शिक्षेच्या खाली जाता येत नाही हे नम्रपणे दाखवून द्या, आणि दंडासाठी कलम १६ प्रमाणे लाचेची रक्कम मांडा. निर्दोष सुटला तर त्याच दिवशी प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. शासनाच्या अपिलाची मुदत ९० दिवसांची आहे, आणि तुमचा अभिप्राय जिल्ह्यातून विधी व न्याय विभागापर्यंत जाऊन उच्च न्यायालयाच्या सरकारी वकिलाकडे पोचायला त्यातला बराच वेळ जातो. अभिप्रायात निकाल कसा अन्यायाचा आहे हे न लिहिता, मागणीचा कुठला पुरावा न्यायालयाने विचारात घेतला नाही तो साक्षीच्या परिच्छेदांसह लिहा. मुद्देमालाच्या आदेशात तक्रारदाराला रक्कम आधीच परत मिळालेली असेल तर नोटा शासनजमा करण्याची विनंती करा, आणि मेमरी कार्ड व बाटल्या अपिलाची मुदत संपेपर्यंत नष्ट करू नयेत असं स्पष्ट लिहून घ्या.